बाकीची अकरा तपे कुठे गेली?



भाद्रपद जवळ आला की मंदिराच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो. "यंदा किती करणार?" किती म्हणजे उपवास. पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचे दहा दिवस आत्म्याकडे वळण्यासाठी दिलेले, आणि आपण आकडे मोजतो. मग पारण्याची मिरवणूक, चौकात फ्लेक्स, घरोघरी वाटायला स्टीलचे डबे. (ठेवायला जागा नाही हो आता.)

उपवासाला माझा विरोध नाही. देहाची ओढ बाजूला ठेवून पाहणे सोपे नसते. विरोध आहे तो उपवास म्हणजेच तप, या समजुतीला. तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय काढून बघा. तपे बारा आहेत, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. उपवास, म्हणजे अनशन, हे बाह्यांतले पहिले. लगेच दुसरे अवमौदर्य, भुकेपेक्षा कमी खाणे. पारण्याच्या पंगतीत त्याचे काय होते ते आपण सगळ्याच पाहतो. आणि प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान या अंतरंग तपांचा फ्लेक्स कधी लागलेला पाहिलात? लागणार कसा, ती मोजताच येत नाहीत.

वैयावृत्य म्हणजे सेवा. माझ्या ओळखीतली एक सून आहे. सासूबाई तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर. कूस बदलायची, भरवायचे, रात्री दोनदा उठून चादर बदलायची. सासूबाईंचा रात्रिभोजनत्यागाचा नियम मोडू नये म्हणून सूर्य मावळायच्या आत त्यांचे जेवण, औषध, पाणी उरकायचे. अंगात त्राण नसल्याने गेल्या वर्षी तिने एकही उपवास केला नाही. तर एक बाई तिला म्हणाल्या, "म्हणजे तू काहीच केलं नाहीस?"

काहीच!

वैयावृत्य मुनिमहाराजांचे असते, सासूचे नव्हे, असे कोणी म्हणेल. मुनींचे आधी, हे मान्य. पण चतुर्विध संघात श्राविका येते ना? जन्मभर नियम पाळलेली म्हातारी श्राविका आजारी पडली की ती संघाबाहेर जाते का?

तरी तिचाही सत्कार करा, असे मी म्हणत नाही. एक शाल वाढेल, एवढेच. आणि "घरकाम हीच बाईची साधना" असे सांगणाऱ्यांशी तर माझे भांडण आणखी मोठे आहे. सेवा जाणीवपूर्वक, मनातून केली तर तप. घरात दुसरा कोणी हात लावत नाही म्हणून गळ्यात पडलेल्या कामाला तप म्हणणे ही त्या दुसऱ्यांची सोय झाली. जाणणे आणि पाहणे हा आत्म्याचा स्वभाव. त्या स्वभावात राहणे हाच आपला धर्म. बाईच्या आत्म्याचा स्वभाव भांडी घासणे आहे, असे कुठल्याही आचार्यांनी लिहिलेले नाही. तिला स्वाध्याय हवा, सामायिक हवे.

शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्या काळी अशा बाईपुढे व्रते आणि कोपरा एवढेच ठेवलेले असे. वडिलांनी त्यांना शिकवले आणि पुढे त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. उपवास बायकांना येतच होते. नव्हते ते हातात पुस्तक.

सामायिकाला दोन घटका लागतात, ४८ मिनिटे. त्या सुनेला मी विचारले, यंदा दशलक्षणात काय हवे? ती म्हणाली, "रोज तेवढा वेळ कुणी आईंजवळ बसलं तर मी मंदिरात बसेन." म्हणून मी यादी करायला घेतली आहे. दहा दिवसांना दहा माणसे हवीत. आतापर्यंत तीन नावे आली, तिन्ही बायकांची. तिचा नवरा अजून "बघतो" म्हणतोय.