हौशी मोटार-शर्यती व पहिल्या नंबराचा ध्यास

मोटारींच्या शर्यती म्हटल्या कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच देखावा उभा राहतो : लाखों प्रेक्षक, कोट्यवधि रुपयांच्या गाड्या, आणि शेवटीं उंच चौथऱ्यावर उभा राहून करंडक मिरविणारा एक वीर. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अशा वीरांचीं नांवें पाढ्यांपेक्षां अधिक पाठ असतात, ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. (थोडी आहे, पण ती येथें नको.) परंतु ह्याच खेळाची दुसरी एक शाखा आहे. तिच्यांत भाग घेणारास ना पगार मिळतो, ना त्याचें चित्र वर्तमानपत्रांत येतें, आणि बहुधा करंडकही मिळत नाहीं. तरी तो वर्षानुवर्षें मैदानावर जात असतो. तो कां जातो, ह्याचा विचार आम्हांस वाचकांबरोबर करावयाचा आहे.

प्रथम साधा हिशेब पाहा. शर्यतीच्या रेषेवर तीस गाड्या उभ्या राहिल्या तर पहिली एकच येणार, एकोणतीस हरणार. ही गोष्ट त्या तीसही जणांस घरून निघतांना ठाऊक असते. त्यांतील पंधरा-वीस जणांस तर आपण पहिले येणें शक्य नाहीं हेंही पक्कें ठाऊक असतें. कारण कोणाची गाडी जुनी, कोणाचा हात मंद, कोणाच्या खिशांत नव्या टायरांपुरते पैसे नाहींत. सारा आनंद पहिल्या नंबरांतच असता, तर पुढल्या वर्षीं ह्यांतील एकही परत आला नसता. पण ते येतात.

इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्यांत शेल्सली वॉल्श नांवाचें एक ठिकाण आहे. तेथें टेकडीवर चढणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर १९०५ सालापासून मोटारींच्या स्पर्धा होत आल्या आहेत. महायुद्धांसारखे खंड काय ते पडले. रस्ता अवघा १००० यार्डांचा. एका वेळीं एकच गाडी निघते आणि घड्याळ तिचा वेळ मोजतें. अत्यंत वेगवान गाड्यांनीं ही चढण तेवीस सेकंदांच्याही आंत संपविली आहे. रोजच्या वापरांतील साधी मोटार घेऊन आलेल्या हौशी माणसास चाळीस सेकंदांच्या आसपास लागावयाचेच. हा दुसरा मनुष्य पहिल्याशीं स्पर्धा करीत नसतो हें उघड आहे. गेल्या खेपेस आपल्याला किती वेळ लागला, तेवढाच आंकडा त्याच्या मनांत घोळत असतो.

तो आंकडा खालीं आणणें ही मोठी विद्या आहे, आणि ती बहुतेक सगळी वळणांत आहे. टायर जमिनीस जेवढें धरून ठेवूं शकतो तेवढी त्याची पुंजी. ती ब्रेक दाबण्यांत खर्च झाली तर वळण्यास उरत नाहीं. वळण्यांत खर्च झाली तर वेग वाढविण्यास उरत नाहीं. म्हणून जाणता मनुष्य वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावरच, ब्रेकचें काम आटोपतो. बाहेरच्या कडेनें येतो, आंतल्या कडेस क्षणभर चिकटतो आणि पुन्हां बाहेर वाहत जातो. नवशिका वेगाच्या लोभानें ब्रेक उशिरां दाबतो. आपण मोठ्या वेगानें वळणांत शिरलों असें त्याला वाटतें; परंतु बाहेर पडतांना तो मंद झालेला असतो, आणि ती मंदता पुढच्या सबंध सरळ रस्त्यावर त्याला भोवते. हें पुस्तकांत वाचून एका संध्याकाळीं कळतें. हातापायांस कळावयास वर्षें लागतात. ज्या दिवशीं तें एका वळणापुरतें जमतें, त्या दिवशीं तो मनुष्य अठरावा आला तरी शीळ घालीत घरीं जातो. कारण घड्याळानें अर्ध्या सेकंदाची साक्ष दिलेली असते, आणि ती साक्ष पहिल्या आलेल्याच्या करंडकाइतकीच खरी असते. (आम्ही स्वतः दुचाकीपलीकडे कधीं गेलों नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगून ठेवतों.)

अनेक गाड्या एकत्र धांवतात तेथेंही असेंच आहे. बाराव्या व तेराव्या क्रमांकांसाठीं झगडणारे दोघे जण पुढें कोण आहे हें विसरून गेलेले असतात. बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळणें हें खरें भाग्य. दुबळ्यास मागें टाकण्यांत गोडी नाहीं. ही गोष्ट जुन्या लोकांनीं ओळखली होती. सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं मोटारींकरितां पहिली मोठी बांधीव धांवपट्टी उघडली, तेव्हां घोड्यांच्या शर्यतींतील हँडिकॅपची पद्धत तेथें उचलण्यांत आली. मंद गाडी आधीं सोडावयाची, वेगवान मागून. असें केल्यानें लहान मोटारीच्या मालकासही शेवटच्या फेरीपर्यंत छातींत धडधड राहत असे.

आतां जिंकल्यावांचून ज्याला चैनच पडत नाहीं, अशा मनुष्यानें खेळाचें काय होतें तें पाहूं. १९२२ सालीं इंग्लंडांत 'ऑस्टिन सेव्हन' नांवाची एक चिमुकली मोटार निघाली. तिचें इंजिन साडेसातशें घन सेंटिमीटरांच्या आंतलें. १९३९ सालीं तिच्या चाहत्यांनीं 'सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब' स्थापन केला, आणि महायुद्ध संपल्यावर ह्या जुन्या, स्वस्त गाड्यांचे भाग वापरून घरच्या घरीं शर्यतीची मोटार बांधतां यावी असे नियम केले. अशा वर्गास खरें भय असतें तें पैशाचें. ज्याला जिंकलेंच पाहिजे तो पुढल्या खेपेस महाग टायर आणतो. तें पाहून शेजारी महाग इंजिन आणतो. दोन वर्षांत कारकून व शिक्षक घरीं बसतात आणि मैदानावर दोन श्रीमंत उरतात.

कधीं पैशाऐवजीं बुद्धि हेंच काम करते. १९५१ सालीं कॉलिन चॅपमन नांवाच्या तरुण इंजिनियरानें ह्या वर्गांत आपली लोटस गाडी उतरविली. ऑस्टिनच्या चार सिलिंडरांपैकीं दोन-दोन सिलिंडरांस हवा व पेट्रोल आंत घेण्यास एकच वाट असे. त्यानें त्या वाटेंत पडदा घालून तिच्या दोन वाटा केल्या, आणि मग त्याला कोणी गांठूंच शकेना. क्लबानें पुढें नियम बदलून ही युक्ति बंद केली. आम्ही चॅपमनला दोष देत नाहीं. अशीं माणसेंही जगाला हवीं असतात. त्याच्या लोटस गाड्यांनीं १९६३ सालीं जगज्जेतेपद मिळविलें. पण सगळेच चॅपमन असते तर तो वर्ग तेव्हांच संपला असता. चॅपमन पुढें निघून गेला. वर्ग मात्र, इंजिनें बदलत बदलत, आजही धांवत आहे. त्याला ज्यांनीं जगविलें ते बहुतेक सारे हरणारेच होते.

आपल्या देशांतही मद्रासजवळ शोलावरम येथें, महायुद्धकाळांतील एका जुन्या विमानपट्टीवर, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबानें अनेक वर्षें शर्यती भरविल्या. बाजारांतून घेतलेल्या फियाट व अँबेसेडर गाड्यांवर खटपट करून लोक त्या तेथें पळवीत.

अमेरिकेंत तर २००६ सालीं ह्या विचाराची थट्टेंतून एक संस्थाच निर्माण झाली. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या प्रसिद्ध शर्यतीच्या नांवावर कोटि करून तिचें नांव ठेवलें 'लेमन्स'. आपल्याकडे लहान मुलाला खेळांत लिंबूटिंबू म्हणून घेतात. तिकडे लिंबू म्हणजे सदा बिघडणारी गाडी. नियम असा कीं गाडी ५०० डॉलरांहून अधिक किंमतीची नसावी. मात्र जीव वांचविणाऱ्या साधनांचा व ब्रेकांचा खर्च त्यांत धरावयाचा नाहीं. (हा अपवाद ज्यानें घातला तो शहाणा. रहदारीच्या रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या आमच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं ही ओळ दोनदां वाचावी.) आणि तेथील सर्वोच्च मान पहिल्या येणारास नाहीं. जी गाडी पाहून ही फाटकाबाहेरही पडणार नाहीं असें सर्वांस वाटलें होतें, आणि जी तरीही आश्चर्य वाटावें इतकी धांवली, तिच्या मंडळीस तो मिळतो.

कोणी म्हणेल, ही कोल्ह्याला आंबट लागणारीं द्राक्षें होत. आळशांस हा चांगला आसरा सांपडला. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो मन लावून धांवत नाहीं त्याला शर्यतींत आनंद मिळतच नाहीं. उलट तो इतरांच्या वाटेंत येतो, आणि त्याला निळें निशाण दाखवून बाजूस व्हावयास सांगतात. हौशी मनुष्य शुक्रवारीं रात्रीं भर पावसांत गाडीखालीं निजून अर्ध्या सेकंदासाठीं बोटें सोलून घेतो. प्रयत्न जिंकण्याचाच असतो. फक्त आपला आनंद त्यानें त्या निकालाकडे गहाण टाकलेला नसतो.

पालकांशीं ह्याच ठिकाणीं आमचें थोडें भांडण आहे. प्रगतिपुस्तक हातीं पडतांच पहिला प्रश्न येतो, "नंबर कितवा?" गेल्या सत्रांत आमच्या एका विद्यार्थ्याचे गणिताचे गुण अठ्ठावीसवरून एकावन्नावर गेले. त्यासाठीं तो रोज शाळा सुटल्यावर तासभर बसत असे. वर्गांत नंबर आला एकतिसावा. घरीं एकतीस हाच आंकडा वाचला गेला. एकावन्न कोणीं वाचलाच नाहीं. दुसऱ्या सत्रांत तो शाळा सुटल्यावर बसेनासा झाला. तो आळशी नव्हता. त्याचें घड्याळ काढून घेतलें गेलें होतें. हौशी शर्यतींच्या मंडळांस जें ५०० डॉलरांच्या गाडीसाठीं सुचलें, तें आपल्या मुलांसाठीं आपणांस सुचूं नये काय? आणि हा प्रश्न पालकांइतकाच आम्हां शिक्षकांसही आहे. पारितोषिक-समारंभाची यादी आम्हीच करतों.

शेल्सलीच्या टेकडीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. वर चढण्यास जो रस्ता तोच खालीं येण्यास. दुसरी वाट नाहीं. म्हणून वर पोंचलेल्या गाड्या माथ्यावर थांबतात, आणि पुरेशा जमल्या कीं एका रांगेंत सावकाश खालीं उतरतात. वर जातांना प्रत्येक जण एकटा गेलेला असतो. उतरतांना तेवीस सेकंदवाला आणि चाळीस सेकंदवाला एकामागोमाग एक येतात, आणि कुंपणाजवळ उभे असलेले लोक दोघांनाही हात हलवून दाखवितात.