सापाची बिदागी

नाशिक शहर पश्चिमेकडे वाढत गेले ते गंगापूर रोडच्या आधाराने. गोदावरीचा काठ, आनंदवली-सोमेश्वरची मळेजमीन आणि पुढे गंगापूर धरणाकडे जाणारा सुपीक पट्टा यांवर गेल्या काही दशकांत बंगले व गृहसंकुले उभी राहिली. जमीन बिनशेती झाल्याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर झाली. जमिनीत राहणाऱ्या सापांना मात्र ती कोणी वाचून दाखविली नाही. त्यामुळे पहिल्या पावसात बिळे पाण्याने भरली की नाग किंवा धामण जिन्याखाली, वाहनतळात, क्वचित स्नानगृहातही आढळते आणि सर्पमित्राला बोलावणे जाते.

बोलावण्यात जी त्वरा असते, ती मोबदला देताना राहत नाही. सर्पमित्राने पैशाचा विषय काढला की 'सेवेचा धंदा झाला' अशी कुजबुज होते. वस्तुतः रात्री-अपरात्री दुचाकीवर येणे, चिमटा-पिशवी बाळगणे, साप निवासयोग्य जागी नेऊन सोडणे व त्याची नोंद वनविभागाकडे देणे, या प्रत्येक गोष्टीस खर्च येतो. चुकून दंश झाला तर गमवावयाचा असतो तो प्राणच. एकेकाळी पेटाऱ्यातला दात काढलेला नाग पाहून गारुड्यास बिदागी देणारा समाज, दात शाबूत असलेला नाग घरातून नेणाऱ्याला पेट्रोलचा खर्च देताना घासाघीस करतो, हे विलक्षणच म्हणावयाचे. संकुलाच्या दाराशी चोवीस तास पहारेकरी ठेवणाऱ्यांना ही रक्कम डोईजड व्हावी, हे पटण्याजोगे नाही.

तथापि हा भार केवळ घरमालकावर टाकणेही न्याय्य नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला अभय दिले आहे. नागरिकाने त्याला मारू नये, हे योग्यच. पण जेथे कायदा नागरिकाचा हात धरतो, तेथे दुसरा हात पुढे करण्याची जबाबदारी शासनावर येते. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे खरा. परंतु घरात निघालेल्या सापापर्यंत बहुधा आधी पोहोचतो तो स्वयंसेवकच. २०२५ च्या जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र व दहा लाखांचा अपघाती विमा देण्याचे जाहीर केले. विमा हवाच, पण विमा हा दुर्घटनेनंतरचा विचार होय. दुर्घटनेपूर्वीच्या प्रत्येक खेपेचा वाहनखर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

शासनाचा पैसा मृत्यूनंतरच मोकळा होतो, ही जुनी खोड आहे. शेतकरी सर्पदंशाने दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून कुटुंबास दोन लाख रुपये मिळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली. त्यांतील बहुसंख्य खेड्यापाड्यांतील. विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या लागतात. या हिशेबापुढे सर्पमित्राची एक खेप किती स्वस्त पडते!

सापाला दूर ठेवण्यावर खर्च होतो, तोही पुष्कळदा भलत्याच ठिकाणी. कुंपणालगत फिनेल ओतणे, गंधक पसरणे, कार्बोलिक आम्लाच्या बाटल्या टांगणे, असे उपाय चालतात. त्यांनी साप हटत असल्याचा भरवसा देता येत नाही. कार्बोलिक आम्ल तर मुलांच्या कातडीला सापाइतकेच घातक. साप घरात येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतो खरकट्यामागे. बांधकामाचा राडारोडा उचलणे, भिंतीलगतचे गवत कापणे, सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसविणे, दाराखालची फट पट्टीने बंद करणे, यांचा खर्च किरकोळ आहे आणि उपयोग मोठा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. बंगल्यातील पलंगावर निजणाऱ्यापेक्षा बांधकामावरील मजुराच्या खोपटात हा धोका अधिक. त्याला खाट व मच्छरदाणी देण्याचा खर्च बांधकाम व्यावसायिकाने उचलला, तर सदनिकेच्या किमतीत तो दिसणारही नाही.

उरले मोकळे भूखंड. मालक परगावी, भूखंडावर पुरुषभर गवत आणि शेजाऱ्याच्या माथी सापाचा खर्च, अशी आजची वाटणी आहे. महापालिकेने असे भूखंड पावसाळ्यापूर्वी साफ करून तो खर्च मालकाच्या करात लावावा आणि त्यातून नोंदणीकृत सर्पमित्रांना प्रत्येक खेपेचे ठरावीक मानधन द्यावे. बोलावणाऱ्याने मग खिशात हात घालावयाचा की नाही, हा त्याच्या खुशीचा प्रश्न राहील. नालेसफाईची कामे मान्सूनपूर्वी निघतातच. सांडपाण्याच्या तोंडांना जाळ्या बसविण्याचे कलम त्यांतच घालता येईल.