चार्जिंग थांबलं तरी भर उन्हात सोलरच्या वायरला हात लावू नका

नवी मुंबईत घराच्या छतावर सोलर बसवलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. चार्जिंग थांबलं, स्क्रीनवर शून्य दिसू लागलं, तर पक्कड आणि टेस्टर घेऊन लगेच गच्चीवर चढू नका. मेन स्विच पाडला म्हणजे सगळं बंद झालं, हा समज जिवावर बेतू शकतो. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या वायरमध्ये वीज असतेच. तीन किलोवॅटसाठी सहा-सात पॅनेल एका माळेत जोडली, की त्या दोन वायरींमधलं व्होल्टेज ३०० च्या आसपास जातं.

शिवाय ही डीसी वीज आहे. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तो विसावा नाही. करंट वाहत असताना कनेक्टर ओढला, तर ठिणगी विझण्याऐवजी ताणत जाते, प्लॅस्टिक वितळतं, हात भाजतो आणि आग लागते. रोजच्या वापरातला निऑनचा टेस्टर इथे भरवशाचा नाही. त्याचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं कृपा करून समजू नका.

आधी खालीच उभं राहून बघा. खरंच काही बिघडलंय का? बॅटरी पूर्ण भरली की चार्जिंग आपोआप कमी होतं, तो दोष नव्हे. आणि बॅटरी नसलेली, महावितरणच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा असेल, तर लाइट गेल्यावर ती बंद पडणारच. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये, यासाठी इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी डोक्यावर ऊन असलं तरी बॅटरीशिवायचं सोलर घरातला एक पंखाही फिरवत नाही. हे विक्रेत्याने आधीच सांगायला हवं. पुष्कळांना ते लाइट गेल्यावरच कळतं, मग ते वायरी हलवायला लागतात.

वीज आहे, ऊन आहे, तरी शून्य? मग स्क्रीनवरच्या एरर कोडचा फोटो काढून ठेवा. एमसीबी पडलेला असेल आणि जळका वास, ओल, काळा डाग यांपैकी काही नसेल, तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तिथेच थांबा. पावसाळ्यात सकाळी ‘इन्सुलेशन’ किंवा ‘अर्थ फॉल्ट’ असं दिसलं, तर बहुधा वायरीचं आवरण कुठे तरी कापलंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. दुपारी ऊन पडल्यावर यंत्रणा आपोआप सुरू होते आणि माणूस विसरून जातो. विसरू नका. ओल्या पत्र्यावर, लोखंडी शिडीशी अशा वायरीची गाठ पडली, तर माणूस दगावू शकतो.

बॅटरी असलेल्या यंत्रणेत, मग ती गावठाणातल्या घरात असो की दुकानात, दोष बहुतेक वेळा बॅटरीजवळच सापडतो. खाडीच्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो. पाणी भरायच्या बॅटरीत पातळी खाली जाते; तिथे फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं कधीच नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा खोलीची खिडकी उघडी ठेवा, जवळ अगरबत्तीही लावू नका. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.७ च्या आसपास दाखवते. ती फारच खाली गेली, तर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधले कित्येक चार्ज कंट्रोलर चालूच होत नाहीत, आणि कडक उन्हातही चार्जिंग शून्य राहतं. बॅटरी काढायची वेळ आलीच तर आधी पॅनेलची जोडणी सोडवायची, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. क्रम उलटला तर कंट्रोलर जळू शकतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातलं ॲसिड आणि शिसं नाल्यातून खाडीत, खारफुटीत जातं. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी तिथेच परत करा.

यंत्रणा बंद न पडता नुसतीच मंदावली असेल, तर धूळ, कबुतरांची विष्ठा आणि सावली बघा. तळोजा, तुर्भ्याच्या बाजूला धुळीचा थर लवकर बसतो. पॅनेल धुवायची ती सकाळी लवकर, गार असताना. तापलेल्या काचेवर पाणी मारलं तर ती तडकू शकते. सावलीचं म्हणाल, तर वाशीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दक्षिणेला नवी इमारत झाली, तर उन्हाळ्यात लख्ख असलेली गच्ची हिवाळ्यात सावलीत जाते. अशा वेळी इन्व्हर्टर बदलून पैसे घालवू नका.

बिलाकडे दर महिन्याला लक्ष द्या. एक किलोवॅट सोलर महिन्याला साधारण १२० युनिट देतं. पावसाळ्यात ते घटणारच, पण कोरड्या महिन्यात आकडा अचानक निम्म्यावर आला तर विक्रेत्याला लेखी कळवा. पीएम सूर्यघर योजनेतून बसवलेल्या यंत्रणेची पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे. तो फोन उचलत नाही म्हणून नाक्यावरच्या कुणालाही वर चढवू नका; डीसीचं काम येणारा माणूसच बोलवा.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हात जोडून सांगणं आहे: डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, कुठे आहे, तो कसा बंद करायचा आणि बसवणाऱ्याचा नंबर काय, हे मोठ्या मराठी अक्षरांत मीटर रूमच्या दारावर या आठवड्यातच लावा. वॉचमनला नेऊन ती जागा दाखवा. छतावर धूर दिसला, तर पाण्याची बादली घेऊन वर धावू नका. १०१ ला फोन करा आणि ‘गच्चीवर सोलर आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.