मध्यरात्रीची पारख

सेलू तालुक्यातील एखाद्या खेड्यात मध्यरात्री शेतमजुराच्या दोन वर्षांच्या लेकराला तापात आकडी येते. बाप शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मूल घेऊन निघतो आणि जेथे दिवा दिसेल त्या दवाखान्याचे दार ठोठावतो. डॉक्टरच्या नावापुढील पदव्यांचा अर्थ लावण्यास त्याला सवड कोठली? ‘रुग्णाने डॉक्टर पारखून घ्यावा’ असा उपदेश करणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

वैद्यकीय सेवेची प्रत ग्राहकाला ठरवता येत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच मांडले. जेथे ग्राहक पारख करू शकत नाही, तेथे ती समाजाने आधीच करून ठेवावी लागते. नोंदणीचा कायदा त्यासाठीच आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या कायद्यान्वये आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद ठेवते. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधचिठ्ठीवर असलाच पाहिजे, असे २००२ ची आचारसंहिता सांगते.

परंतु नियमावर पहारा कोणाचा? होमिओपॅथीची पदविका असताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दोषी ठरविले. रुग्ण मात्र १९९२ सालीच दगावला होता. न्याय मिळाला, माणूस परत आला नाही. म्हणून पडताळणी आधी, दिवसाउजेडी व्हावी.

हे काम आपल्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. परिसरातील प्रत्येक डॉक्टरचा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. त्या डॉक्टरांची नोंद तेथे पाहावी. बालरोगांतील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.सी.एच. कोणाकडे आहे, रात्री कोण भेटतो, प्राणवायूची सोय कोठे आहे, हे विचारून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावे. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून आपल्या देशात मान्यता मिळाली ती २००९ साली. तेव्हा बालकांच्या आपत्कालीन उपचारांचा खास तज्ज्ञ खेड्यात शोधण्यात अर्थ नाही. जवळचा नोंदणीकृत डॉक्टर, १०८ ची रुग्णवाहिका आणि सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला उभारलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हा मार्ग प्रत्येक घराला पाठ असावा. संकटातील रुग्णावर प्राणरक्षक उपचार करणे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय आहे. तोही त्या भिंतीवर लिहावा.

अर्थात भिंतीवरची यादी म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ असावा, हे केंद्राच्या मानकांतच नमूद आहे. तो तेथे रात्रंदिवस मिळावा, ही मागणी सोडून चालणार नाही. यादी करताना जी रिकामी जागा दिसेल, तीच आपल्या पुढील मोर्चाची मागणी ठरो. पारख करण्याचा भार त्या बापाच्या खांद्यावर टाकणारा समाज स्वतःला सुसंस्कृत कसा म्हणवील?