सांडपाण्यावर पहिला हक्क जनतेच्या मैदानांचा

चेन्नईचा टी. नगर हा विभाग देशभर ओळखला जातो तो कापडाच्या आणि सोन्याच्या पेठेसाठी. या पेठेच्या झगमगाटामागे दिवसभर उभे राहून कापडाचे तागे उलगडणाऱ्या कामगारांचा मोठा वर्ग आहे. दुकानात कामाच्या वेळी बसण्याचा साधा हक्क कायद्याने मिळण्यासाठी त्यांना २०२१ सालच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. अशा कामगारांना व त्यांच्या मुलाबाळांना विनामूल्य विसाव्याची जागा म्हणजे पनगल पार्क, नटेसन पार्क यांसारखी सार्वजनिक उद्याने, आणि खेळायची जागा म्हणजे सोमसुंदरम मैदान. म्हणूनच या उद्यानांना व मैदानांना पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न शहराच्या शोभेचा नसून कष्टकऱ्यांच्या जीवनमानाचा आहे.

टी. नगरचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९२०च्या दशकात ‘लाँग टँक’ नावाचा विस्तीर्ण तलाव आटवून त्याच्या पात्रात ही वसाहत आखण्यात आली. ज्या जमिनीवर पूर्वी पावसाचे पाणी साठत होते, तेथेच पुढे शतक पुरे होण्याच्या आत टँकरपुढे रांगा लागल्या. २०१९च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्या वर्षी १२ जुलैला जोलारपेट येथून दोनशेहून अधिक किलोमीटर अंतर तोडून पहिली पाणीगाडी शहरात आली. तिने आणलेले पाणी होते २५ लाख लिटर.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच वर्षी कोडुंगैयूर आणि कोयंबेडू येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची शुद्धीप्रक्रिया करणारे, प्रत्येकी रोज साडेचार कोटी लिटर क्षमतेचे दोन प्रकल्प सुरू झाले. म्हणजे दोन्हींची मिळून रोजची क्षमता तशा ३६ पाणीगाड्यांएवढी! हे पाणी मुख्यतः मणली, श्रीपेरुंबुदूर, ओरगडम या औद्योगिक पट्ट्यांसाठी योजिलेले आहे.

येथे गैरसमज नको. उद्योगांनी पिण्याचे पाणी सोडून शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, ही मागणी योग्यच आहे. नागपुरात भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, त्याचेही स्वागतच केले पाहिजे. परंतु नळाचे पाणी वापरणारी आणि सांडपाण्याचा खर्च करांच्या रूपाने सोसणारी जनता आहे. तेच पाणी शुद्ध होताच ते प्रथम कारखान्याच्या नळीत जावे, आणि नागरिकांच्या मैदानाने मात्र पावसाची वाट पाहावी, हा न्याय कोणता? एक एकर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर सुमारे २० हजार लिटर लागतात. या हिशेबाने एका प्रकल्पाच्या एका दिवसाच्या पाण्यात दोन हजार एकरांहून अधिक हिरवळ भिजेल. उद्योगांच्या वाट्याला धक्काही न लावता विभागातील उद्याने जगू शकतात. अडचण पाण्याची नाही, अग्रक्रमाची आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना २०१६चा एप्रिल आठवत असेल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते आणि त्याच वेळी क्रिकेटच्या बाजारी सामन्यांसाठी मैदाने भिजवली जात होती. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. त्या सुनावणीत क्रिकेट नियामक मंडळाने रेसकोर्सचे शुद्ध केलेले सांडपाणी मैदानासाठी वापरण्याची तयारी दर्शविली. घोड्यांच्या शर्यतीसाठी जे पाणी उपलब्ध होते आणि श्रीमंत मंडळाची अडचण होताच जे आठवले, ते पाणी नगरपालिकेच्या मैदानासाठी कोणाला का आठवत नाही? वर्गीय समाजात पाण्याचीही वाट उताराने नव्हे, पैशाने ठरते.

काही नागरिक आरोग्याची शंका घेतील. ती रास्त आहे आणि तिला वैज्ञानिक उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९च्या मार्गदर्शक सूत्रांत उद्याने व क्रीडांगणांसाठी १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा १,००० ठेवली. लोकांचा थेट स्पर्श होणाऱ्या हिरवळीसाठी ती २०० इतकी कडक केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३२ पासून अनेक दशके शुद्ध केलेल्या सांडपाण्याने बाग राखली गेली. उद्यानासाठी कारखान्याइतके महागडे शुद्धीकरण लागत नाही. गाळणी आणि निर्जंतुकीकरण चोख असले म्हणजे पुरते. पाण्यातील नत्र व स्फुरद खताचे काम करतात. मात्र पाणी रात्री द्यावे, तुषार उडवू नयेत, नळ्यांना वेगळा रंग असावा, आणि जमिनीत क्षार साठत नाहीत ना हे नियमित तपासावे. पिण्याच्या नळ्यांशी या नळ्यांची चुकूनही जोडणी होता कामा नये.

याहूनही मोठा प्रश्न हे पाणी हाताळणाऱ्या कामगारांचा आहे. ज्या गटारांतून ते येते, त्यांत सुरक्षा साधनांविना माणूस उतरविण्यास २०१३च्या कायद्याने मनाई आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली, हेच कायद्याच्या अंमलबजावणीचे माप आहे. उद्यान हिरवे करण्याची योजना कंत्राटदाराच्या हाती गेली, तर गटारात गुदमरण्याची जागा तीच राहील आणि हातमोज्यांविना नळी धरणारा माळी नवा बळी ठरेल.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा ठरावीक वाटा सार्वजनिक उद्याने व मैदानांसाठी राखून ठेवावा. पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांवर असे पाणी वापरण्याचे बंधन २०१६च्या वीजदर धोरणाने घातले. तसेच बंधन नगरपालिकांवरही घालता येते. दुसरी, पाणी तपासणीचे निकाल प्रत्येक उद्यानाच्या फाटकावर लोकभाषेत लावावेत. तिसरी, हे काम कायम कामगारांकडून, सुरक्षा साधने, लसीकरण व वैद्यकीय तपासणीसह व्हावे. चौथी, पाण्याच्या निमित्ताने प्रवेशशुल्क बसवून किंवा खाजगी संस्थेकडे सोपवून मैदान जनतेपासून हिरावले जाऊ नये.

टी. नगरचा हा प्रश्न उद्या नागपूरचा, सोलापूरचा, पुण्याचा आहे. आपापल्या शहरात सांडपाणी किती निघते, किती शुद्ध होते आणि ते कोणाला जाते, याचा हिशेब प्रत्येक शाखेने नगरपालिकेकडे मागावा आणि तो हिशेब वस्तीवस्तीत नेऊन लोकांपुढे मांडावा. वापरून टाकलेल्या पाण्यावरही हक्क सांगावा लागतो, आणि तो संघटित जनताच सांगू शकते.