तेल वाहिले, विकास अडला

चाडमधील डोबा तेलक्षेत्रापासून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंतची १,०७० किलोमीटरची तेलवाहिनी जागतिक बँकेच्या पाठबळाने २००३ मध्ये, मुदतीआधीच, सुरू झाली. उत्पन्नाचा मोठा हिस्सा आरोग्य, शिक्षण आदींवर खर्च करण्याचे बंधन चाडने १९९९ च्या कायद्याने स्वीकारले होते. मात्र तिजोरीत पैसा येऊ लागताच कायदा बदलून सुरक्षेचाही अग्रक्रमाच्या क्षेत्रांत समावेश झाला. जानेवारी २००६ मध्ये बँकेने कर्जे रोखली, पुढे तडजोडही केली. अखेर २००८ मध्ये चाडने मुदतीपूर्वी कर्ज फेडले आणि बँक बाहेर पडली. दारिद्र्यनिवारणाचे मूळ उद्दिष्ट साधले नाही, असा निष्कर्ष बँकेच्याच स्वतंत्र मूल्यमापन गटाने काढला. वाहिनी उभारणे सोपे ठरले; राज्यकर्त्यांची इच्छाशक्ती कर्जाच्या अटींतून उभी राहत नाही. तेलाच्या कमाईपुढे त्या अटींचा धाकही उरला नाही.