मय्यतीला पडदा, मग जिवंत माणसाला का नाही?

गेल्या रमजाननंतर आमची फुफी वारली. गुसल द्यायला मोहल्ल्यातल्या एक जाणत्या बाई आल्या. आम्ही चौघी त्यांच्या मदतीला होतो. त्यांनी आधी खोलीतल्या बाकी सगळ्या बायकांना बाहेर काढलं. दार लावलं. चादर ताणून धरायला सांगितली. "बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं कापड हलता कामा नये," असं बजावलं. मग हाताला कापड गुंडाळून, चादरीखालून, तिकडे न बघता त्यांनी फुफीचं अंग धुतलं. पाणी कोमट आहे ना, हे दोनदा पाहिलं. हात इतका हलका, जणू फुफीला दुखेल. काम संपल्यावर आम्हाला म्हणाल्या, "इथं जे दिसलं, ते इथंच राहू द्या. बाहेर बोलायचं नाही."

मी चादरीचं टोक धरून उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. फुफी गेली म्हणून तर होतंच, पण दुसरंही एक कारण होतं. ती अकरा महिने अंथरुणावर होती. त्या अकरा महिन्यांत अशी चादर तिच्यासाठी आम्ही कुणी धरली नव्हती.

फुफी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. गावात तिला सगळे 'बाई' म्हणत. घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशनसाठी शहरातल्या रुग्णालयात न्यावं लागलं. तिथं ती 'बाई' राहिली नाही. पलंगाचा नंबर झाली. लघवीला लागली म्हणून तिनं भांडं मागितलं तर उत्तर मिळालं, "आजी, डायपर लावलाय ना, त्यातच करा." तिला कळत होतं, सांगता येत होतं, तरीही. डायपर बदलताना पडदा अर्धाच ओढलेला. समोरच्या पेशंटचा मुलगा खुर्चीत बसलेला. फुफीनं डोळे मिटून घेतले आणि पदर शोधत हात हवेत फिरवला. अंगावर रुग्णालयाचा गाऊन होता. पदर कुठून सापडणार?

रुग्णालयाला दोष देऊन मी मोकळी झाले असते. एकेका सिस्टरवर किती पेशंटचा भार असतो, हे मी पाहिलंय. पण घरी आणल्यावर आम्ही काय केलं? येता-जाता लक्ष राहावं म्हणून तिचा पलंग पुढच्या खोलीत टाकला. विचारपूस करायला माणसं येत. रुग्णाची विचारपूस हे आपल्याकडे पुण्याचं काम. चहाचे कप फिरत आणि तिच्यासमोरच चर्चा चाले: आज पोट साफ झालं का, रात्रीत किती वेळा कपडे बदलले, वास येतो का. ती ऐकत असे. बोलत नसे.

मग तिनं पाणी पिणं कमी केलं. "तहान नाही," म्हणायची. खरं कारण आम्हाला उशिरा कळलं. पाणी प्यायलं की लघवी होते, लघवी झाली की कुणालातरी बोलवावं लागतं. ते टाळण्यासाठी ती तहान मारत होती. शेवटी लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला, दोन दिवस ती बरळत होती. म्हातारपणी पाणी कमी पडलं की हे असंच होतं. अब्रू ही काही औषधपाण्यानंतर बघायची चैनीची गोष्ट नाही. अब्रू गेली की माणूस पाणीसुद्धा सोडतो.

त्याच काळात तिनं नमाजही सोडला. आयुष्यभर पाच वेळा पढणारी बाई. विचारलं तर म्हणाली, "नापाक बदन से क्या नमाज पढूँ?" घरात कुणालाही याचं उत्तर ठाऊक नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. कारण उत्तर फिकहच्या साध्या पुस्तकातही आहे. ज्याचं लघवीवर नियंत्रण राहिलेलं नाही, तो 'माजूर'. हनफी मतानुसार त्यानं प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी एकदा वुजू करावा. त्या वेळेत लघवी झिरपली तरी नमाज होतो. पाणी चालत नसेल तर तयम्मुम आहे. बसता येत नसेल तर झोपून, मानेच्या इशाऱ्यानं. दीन इतका सोपा करून ठेवलेला असताना आम्ही तिला 'मी घाण आहे' या भावनेत महिनोन् महिने पडू दिलं.

त्यातून तिला बाहेर काढलं ते ब्यूरोमार्फत आलेल्या मावशींनी. त्या मुसलमान नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या नमाजाच्या वेळा सांगा, मी त्याआधी सगळं आवरून देत जाईन." पलंग त्यांनी आतल्या खोलीत हलवायला लावला. अंग पुसताना एका वेळी एकच भाग उघडायचा, बाकीच्यावर चादर. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण आधी सांगून: "बाई, आता डाव्या कुशीवर वळवते हं." चार दिवसांनी फुफीनं स्वतःहून पाणी मागितलं. आठवड्यानं नमाज सुरू झाला. वुजूचं पाणी मावशीच ओतायच्या. कुणीतरी नाक मुरडलंच. पाणी ओतणाऱ्या हाताच्या धर्माचा पाकीशी काय संबंध?

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या समाजात एक वाक्य फार अभिमानानं म्हटलं जातं: 'आपल्यात वृद्धाश्रम नसतात.' मीही म्हणत होते. पण म्हातारं माणूस घरात ठेवलं म्हणजे त्याची इज्जत राखली, असं नाही. सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत आई-वडिलांपुढे 'उफ'सुद्धा काढायला मनाई आहे. तिथं उल्लेख खास म्हातारपणाचा आहे, तेही तुमच्या जवळ असताना आलेल्या म्हातारपणाचा. म्हणजे जवळ ठेवणं ही सुरुवात झाली. खरी परीक्षा त्यानंतर, रोजच्या बोलण्यात आणि हात लावण्यात आहे. नाकाला पदर लावणं हा 'उफ'च. तिच्यासमोर तिच्या शौचाची चर्चा, हाही 'उफ'च.

आणि हे सगळं करतं कोण? आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे मुलाला सांगायचं आणि डायपर सुनेनं बदलायचा, अशी आपली वाटणी आहे. मुलगा दुबईला, नाहीतर दुकानावर. बहुतेक फिकही मतांनुसार सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेवरची शरई सक्ती नाही. जबाबदारी मुला-मुलींची आहे. सून करते तो तिचा उपकार. उपकाराला हक्क समजलं की ती थकते, चिडते आणि ती चीड शेवटी म्हाताऱ्या देहावरच निघते. ज्याला स्वतःला करणं जमत नाही, त्यानं शिकलेलं माणूस पगारावर ठेवावं. ऐपत असूनही 'लोक काय म्हणतील' म्हणून जो ठेवत नाही, तो स्वतःची इज्जत जपतो, आईची नाही. ज्यांना घरी हे शक्यच नाही, त्यांनी चांगल्या आश्रमाची वाट धरली तर त्यांना गुन्हेगार ठरवू नये. तिथं पडदा आहे का, नमाजाची सोय आहे का, हे मात्र बघावं.

सरकारचंही बघू. 2007 मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आहेत. आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सन्मानानं जगण्याचा उल्लेख आला, घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणीही आली. ते विधेयक मंजूर झालं नाही. म्हणजे ब्यूरो आजही मनाला येईल तसे चालतात. मावशींना धड प्रशिक्षण नाही, बारा-बारा तासांची पाळी आणि ब्यूरोनं कमिशन कापल्यावर उरेल तो पगार. आमच्या मावशी चांगल्या निघाल्या, हे आमचं नशीब. म्हाताऱ्या माणसांची अब्रू नशिबावर सोडायची का?

कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या हातातलं तरी करू. प्रत्येक मशिदीत जनाजा असतो, गुसलचा तख्ता असतो, कफनाची सोय असते. त्याच मशिदीत दोन व्हीलचेअर, एक कमोडची खुर्ची, एक हवेची गादी आणि एक घडीचा पडदा ठेवायला काय हरकत आहे? गरजूनं न्यावं, काम झालं की परत करावं. गुसल कसा द्यायचा याचं शिक्षण बायकांना आपण देतोच. त्याच जाणत्या बायकांनी अंथरुणावरच्या माणसाचं अंग कसं पुसावं, कूस कशी बदलावी, हेही एखाद्या सिस्टरच्या मदतीनं शिकवावं. इमामसाहेबांनी एका जुम्म्याला माजूरचे मसले सांगावेत. कितीतरी घरांत कुणीतरी 'मी नापाक' म्हणून गप्प पडलेलं असेल.

गुसलचे नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहेत: गर्दी नको, सतर झाकलेलं हवं, नजर खाली हवी, हात हलका हवा, पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. मय्यतीला तर लाज वाटत नाही, तरीही आपण तिची इतकी कदर करतो. ज्याला लाज वाटते, जो डोळे मिटून पदर शोधतो, त्याचा हक्क पहिला. हे पाच नियम फक्त जरा आधी सुरू करा, एवढंच माझं मागणं आहे.

फुफीसाठी आम्हाला उशीर झाला. अल्लाह तिची मगफिरत करो आणि आम्हाला माफ करो.